ईआरए रिपोर्ट ‘प्री-रिसेप्टिव्ह’ आलाय. पहिला प्रोजेस्टेरॉन नेमका कधी द्यायचा?

फोंड्याची_ओपीडी

नमस्कार मंडळी. फोंड्यात माझी स्त्रीरोगाची ओपीडी आहे. आयव्हीएफ आमच्याकडे होत नाही, पण मुंबई, पुणे, बेळगावला उपचार घेणाऱ्या इथल्या बायकांची सोनोग्राफी, रक्ततपासण्या आणि इंजेक्शनं आमच्याकडेच होतात. त्यातल्याच एका पेशंटच्या ईआरए रिपोर्टबद्दल (अस्तराचा तुकडा घेऊन ते भ्रूण रुजवायला तयार आहे का पाहणारी टेस्ट) विचारते आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

वय ३६. आतापर्यंत दोन फ्रोझन ट्रान्सफर (गोठवलेला भ्रूण वितळवून गर्भाशयात ठेवणं). दोन्ही वेळा ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसाचा भ्रूण, एकच; दिसण्यावरून ग्रेड ४एए आणि ४एबी. दोन्ही वेळा बीटा (गर्भधारणेची रक्ततपासणी) निगेटिव्ह. भ्रूणांची पीजीटी-ए (गुणसूत्रांची तपासणी) केलेली नाही. अजून दोन ब्लास्टोसिस्ट गोठवलेले आहेत. सेंटरने मध्ये एक नुसती तयारीची सायकल करून ईआरए केली. अस्तर वाढवायला एस्ट्राडिओल व्हॅलरेट २ मिग्रॅ दिवसातून तीनदा, तेराव्या दिवशी अस्तर ८.४ मिमी आणि ट्रायलॅमिनार (तीन थरांचं). मग ते भ्रूणासाठी तयार करायला प्रोजेस्टेरॉन ४०० मिग्रॅ योनिमार्गे दिवसातून दोनदा, शनिवारपासून. बायोप्सी गुरुवारी सकाळी ११ वाजता.

रिपोर्ट: प्री-रिसेप्टिव्ह, म्हणजे अस्तर अजून तयार नाही. शिफारस: पहिल्या प्रोजेस्टेरॉनपासून ट्रान्सफरपर्यंत १४४ तास, तीन तास इकडेतिकडे.

आता सेंटरकडून चिठ्ठी आलीय, ‘ट्रान्सफर गुरुवारी सकाळी ११. प्रोजेस्टेरॉन शुक्रवारपासून.’ किती वाजता, ते लिहिलेलं नाही. फोन केला तर कोऑर्डिनेटर म्हणाली, शुक्रवारी कधीही चालेल.

माझे प्रश्न तीन. शुक्रवारी नक्की किती वाजता द्यायचं? या रिपोर्टवर कितपत विसंबायचं? आणि तिसरा भ्रूण आत ठेवण्याआधी इथं गोव्यातच काही तपासून घेण्यासारखं आहे का?

बीजपेटी

मॅडम, मी एम्ब्रियॉलॉजिस्ट. ‘शुक्रवारी कधीही’ हे उत्तर ईआरएच्या बाबतीत चालत नाही. तास पाळायचे नसतील तर ती टेस्ट करण्यात काहीच अर्थ उरत नाही.

मोजणी अशी. पहिला डोस ज्या क्षणी दिला तो शून्य तास, तो दिवस पी+०. दुसरा दिवस पी+१. पूर्ण पाच दिवस भरले की १२० तास, म्हणजे पी+५. घोटाळा इथंच होतो. बऱ्याच फाइलींत पहिल्या डोसचा दिवस ‘पहिला दिवस’ म्हणून धरतात, तर लॅबच्या फॉर्मवर तोच दिवस शून्य असतो. एकाच कागदावर दोन मोजण्या चालू झाल्या की चोवीस तासांचा फरक पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

गुरुवारी सकाळी ११ ची वेळ पक्की धरून उलटं मोजा. १२० तास हवे असतील तर पहिला डोस शनिवारी सकाळी ११. रिपोर्टवर १०८ लिहिलं असेल, म्हणजे लेट रिसेप्टिव्ह, तर शनिवारी रात्री ११. १३२ असेल, म्हणजे अर्ली रिसेप्टिव्ह, तर शुक्रवारी रात्री ११. तुमच्या पेशंटसाठी १४४ सांगितलेत, म्हणजे शुक्रवारी सकाळी ११. कागदावरचं उत्तर एवढंच.

पण कागदावरचं उत्तर देण्याआधी मला एक गोष्ट हवी आहे. बायोप्सीच्या सायकलमध्ये शनिवारी पहिला डोस किती वाजता घातला? रिपोर्टमध्ये १२० तास गृहीत धरलेले दिसतात. ते खरोखर १२० होते का?

हे का विचारतो ते सांगतो. ईआरए अस्तराच्या तुकड्यातून आरएनए काढते आणि दोनशेहून अधिक जनुकांची त्या घडीची हालचाल मोजते. २०११ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या गटाने ती मांडली तेव्हा २३८ जनुकं होती आणि मायक्रोअ‍ॅरेवर काम चाले. नंतर ती सीक्वेन्सिंगवर गेली. त्या नमुन्यावरून संगणक ठरवतो की अस्तर अजून तयार व्हायचंय, तयार आहे, की वेळ टळून गेलीय. पण नमुना कितव्या तासाला घेतला हे संगणकाला आपण फॉर्मवर लिहू तेवढंच कळतं. ‘अजून २४ तास द्या’ याचा अर्थ ‘तुम्ही लिहिलेल्या तासांत २४ मिळवा’. लिहिलेले तास चुकले की बेरीज चुकलीच.

दुसरं, प्रोजेस्टेरॉन सुरू करण्याआधीच्या चोवीस तासांत रक्तातलं प्रोजेस्टेरॉन पाहिलं होतं का? ते १ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली हवं. एचआरटी सायकलमध्ये (बाहेरून हार्मोन देऊन अस्तर तयार करताना) सगळ्याच बायकांचं बीजांडकोष गप्प बसत नाही. आतल्या आत एखादं फॉलिकल (अंड्याची पिशवी) वाढून फुटलं तर अस्तराचं घड्याळ आपल्या आधीच सुरू होतं. मग बायोप्सी पोस्ट-रिसेप्टिव्ह येते आणि खापर पेशंटच्या ‘खिडकी’वर, म्हणजे भ्रूण रुजू शकण्याच्या काळावर, फुटतं.

फोंड्याची_ओपीडी

तुम्ही म्हणालात म्हणून पेशंटला बोलावून सगळे कागद पुन्हा चाळले. औषधाच्या तक्त्यावर वेळा सकाळी ९ आणि रात्री ९ आहेत. शनिवारी सकाळच्या चौकटीत काट मारलेली, पहिली खूण रात्री ९ ची. तिच्या मोबाइलमध्ये त्या दिवसाचा अलार्मही रात्री ९ चाच आहे. लॅबच्या फॉर्मच्या झेरॉक्सवर फक्त तारीख आहे आणि पुढे ‘पी+५, १२० तास’.

सुरू करण्याआधीचं प्रोजेस्टेरॉन केलेलं नाही. दुसऱ्या ट्रान्सफरच्या दिवशीचं मात्र सापडलं, ६.८. तेव्हाही फक्त योनिमार्गे ४०० मिग्रॅ दोनदा चालू होतं. आधीच्या दोन्ही ट्रान्सफरच्या वेळाही अशाच दिसतात: शनिवार रात्र ते गुरुवार सकाळ.

बीजपेटी

मग खरा हिशेब असा. शनिवारी रात्री ९ ते बुधवारी रात्री ९ म्हणजे ९६ तास. पुढे गुरुवारी सकाळी ११ पर्यंत १४. एकूण ११०. फॉर्मवर १२०. नमुना दहा तास आधी घेतला गेला, आणि रिपोर्ट ‘अजून तयार व्हायचंय’ असा आला. यात नवल काही नाही.

लॅबचा सल्ला शब्दशः पाळून शुक्रवारी सकाळी ११ ला सुरू केलं तर १४४ तास होतील. पण त्या नमुन्याला हवे होते ‘आणखी २४’, म्हणजे खरे ११० अधिक २४, एकूण १३४. दहा तास जास्तीचे पडतील. एवढ्या महागाच्या टेस्टवर दहा तासांची चूक मुळातच घालायची आणि वर तीन तासांची अचूकता मिरवायची, याला काय म्हणावं.

गंमत म्हणजे १३४ तासांसाठी काही वेगळं करावंच लागत नाही. पहिला डोस रात्री ९ लाच, फक्त शनिवारऐवजी शुक्रवारी. शुक्रवार रात्री ९ ते गुरुवार सकाळी ११, मोजून पाहा, १३४ भरतात.

तरी हे परस्पर करू नका. सेंटरला लेखी कळवा: पहिल्या डोसची तारीख आणि वेळ, बायोप्सीची तारीख आणि वेळ, मधले तास ११०. त्यांनी ते लॅबला पाठवून सुधारित रिपोर्ट मागवायचा. तासांचा निर्णय शेवटी ज्यांच्या टाकीत भ्रूण आहेत त्यांचा. त्या दिवशी ब्लास्टोसिस्ट वितळवायचं वेळापत्रकही त्यांनाच बसवायचं असतं. वितळवल्यावर दोन-चार तास कल्चरमध्ये ठेवून तो पुन्हा फुगतो का ते पाहतात, मग ट्रान्सफर. दुपारी ४ ला ट्रान्सफर ढकलला तर तासही ढकलले गेले, हे डॉक्टर आणि लॅब दोघांनीही लक्षात ठेवायला हवं.

मांडवीकाठ

आयव्हीएफ करतो, पणजीत. बीजपेटींचं गणित बिनचूक आहे. पण मॅडमचा दुसरा प्रश्न राहिलाच, आणि माझ्या मते तो पहिल्याहून मोठा आहे.

या टेस्टचा डौल २०१३ च्या सुमारास वाढला. वारंवार अपयश आलेल्या ८५ बायकांच्या अभ्यासात साधारण चौघींत एकीची वेळ सरकलेली दिसली, तुलनेच्या गटात साधारण आठींत एकीची. त्यावरून जगभर टेस्ट विकली गेली. मोठी, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी यायला २०२२ उजाडलं. ती ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ७६७ बायका, सगळ्यांचा गुणसूत्रं तपासलेला एकच भ्रूण, सगळ्यांची बायोप्सी. अर्ध्यांचा ट्रान्सफर ईआरएच्या वेळेनुसार, अर्ध्यांचा नेहमीच्या वेळेला, आणि कुणाला काय मिळालं हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. मूल हातात आलेल्यांचं प्रमाण ईआरए गटात ५८.५ टक्के, नेहमीच्या गटात ६१.९ टक्के. फरक नगण्य, आणि जो दिसतो तो टेस्टच्या बाजूचाही नाही. युरोपातल्या ‘एश्रे’ या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या शिफारशींत या प्रकारच्या टेस्ट नेहमीच्या वापरासाठी सुचवत नाही असं सरळ लिहिलं.

त्यावर टेस्टवाले म्हणतात, त्या बायकांना वारंवार अपयश आलेलं नव्हतं. मुद्दा खरा आहे. पण मग वारंवार अपयश म्हणजे काय? तुमच्या पेशंटचे दोन भ्रूण गेले. ३६ व्या वर्षी न तपासलेल्या ब्लास्टोसिस्टपैकी ढोबळमानाने तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त गुणसूत्रांनी सदोष असतात. ३८ ला जवळजवळ निम्मे, ४२ ला चारातले तीन. ४एए ग्रेड म्हणजे दिसायला देखणा, एवढंच. आणि निर्दोष भ्रूणही दर वेळी रुजतो असं नाही. दोन न तपासलेले भ्रूण न रुजणं हे दुःखद आहे, पण विचित्र नाही. त्यासाठी अस्तराला दोषी धरायची गरज नाही.

आणि ११० तासांवरून आधीच्या दोन ट्रान्सफरना दोष देऊ नका. रात्री सुरू करून सहाव्या दिवशी दुपारी ट्रान्सफर हा बऱ्याच सेंटरचा रिवाज आहे आणि त्यातून मुलं होतात. खिडकी तासाभराची नसते. म्हणूनच मी १३४ वरही डोळे झाकून जाणार नाही. सुरुवातीचं प्रोजेस्टेरॉन पाहिलेलं नाही, वेळ चुकीची लिहिलेली, आणि सगळा भार एका नमुन्यावर. सुधारित रिपोर्ट आला तर ठीक. नाही आला तर खरे १२० तास मोजून द्या म्हणेन, अंदाजाने १४४ देण्यापेक्षा ते बरं.

मला कागदांत खरी खटकलेली गोष्ट ६.८ ही आहे. फक्त योनिमार्गे औषध घेणाऱ्यांत ट्रान्सफरच्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन ९ ते १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर गर्भ टिकण्याचं प्रमाण कमी दिसतं, हे स्पेनमधल्याच मोठ्या अभ्यासांतून आलंय. ही तपासणी कुठल्याही साध्या लॅबमध्ये होते, ईआरएच्या मानाने किरकोळ पैशात. कमी निघालं तर इंजेक्शन जोडता येतं: रोज ५० मिग्रॅ स्नायूत, किंवा त्वचेखाली २५ मिग्रॅ. एक ध्यानात ठेवा, डायड्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर त्या या रक्ततपासणीत दिसत नाहीत. आकडा कमी आला म्हणून गोळी काम करत नाही असा अर्थ काढू नका, आणि आकडा वाढवायला ती गोळी दिली तर आकडा वाढणारही नाही.

गोव्यात काय तपासून घ्यायचं, याचा माझा क्रम:

आधी ट्यूब. पाणी भरलेली ट्यूब, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स, सोनोग्राफीत दिसत असेल तर ट्रान्सफर थांबवा. ते पाणी पोकळीत उतरतं आणि यशाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. ती ट्यूब काढणं किंवा मुळाशी बंद करणं हे कुठल्याही जनुक-टेस्टपेक्षा जास्त फायद्याचं आहे.

मग पोकळी. शेवटची हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीने गर्भाशय आतून पाहणं) कधी झाली? झालीच नसेल तर करा, पॉलिप किंवा पडदा डोळ्यांनी पाहा. त्याच वेळी अस्तराचा तुकडा घ्या आणि तो दोन बाटल्यांत वाटा. एक फॉर्मलिनमध्ये: हिस्टोपॅथॉलॉजी आणि सीडी१३८, दीर्घकालीन सूज पाहायला. दुसरी साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये: टीबीचं कल्चर आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूची पीसीआर तपासणी). सगळा तुकडा सवयीने फॉर्मलिनमध्ये टाकला की कल्चर मेलं. आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी अजून गेलेला नाही, परदेशी मार्गदर्शिकांत तो शोधून सापडणार नाही. मात्र नुसता पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिने टीबीची औषधं सुरू करण्याची जी घाई होते तिच्याशी मी सहमत नाही. हिस्टोपॅथॉलॉजी, कल्चर, हिस्टेरोस्कोपीत दिसलेलं चित्र, सगळं एकत्र पाहूनच ठरवावं. सीडी१३८ वर सूज निघाली तर डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, चौदा दिवस, आणि नंतर पुन्हा तुकडा घेऊन बरी झाल्याची खात्री.

थायरॉइड, साखर, अँटिफॉस्फोलिपिड या तपासण्या झाल्या असतीलच. नसतील तर त्याही.

ओटी_सिस्टर_मडगाव

डॉक्टरांचं बोलून झालं, आता हातांनी काम करणाऱ्यांचंही ऐका. सेंटरने पुन्हा बायोप्सी करायची ठरवली आणि ती इथंच करून पाठवा म्हणाले, तर पुढच्या गोष्टी आधी जुळवून ठेवा. अर्ध्याहून जास्त गोंधळ बायोप्सीत नसतोच, तो आधी नि नंतर होतो.

किट लॅबकडून येते. आत छोटी क्रायोट्यूब असते, तिच्यात आरएनए टिकवणारं पारदर्शक द्रव आधीच भरलेलं. मुदतीची तारीख बघा. ते द्रव सांडलं तर सलाईन भरून चालत नाही, फॉर्मलिन तर मुळीच नाही. नवी किट मागवायची.

नमुना पिपेलने (बारीक प्लास्टिकच्या नळीने), गर्भाशयाच्या वरच्या भागातून. आधी स्पेक्युलम लावून गर्भाशयमुखावरचा चिकट स्राव कोरड्या कापसाने नीट पुसून घ्या. योनीत पेसरीचं (आत ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळीचं) पांढरं उरलेलं असतं, तेही पुसा. तुकडा अगदी थोडा पुरतो, पण तो अस्तराचा हवा. नुसतं रक्त आणि शेंबडासारखा स्राव आला तर रिपोर्ट ‘नमुना अपुरा’ म्हणून परत येतो, आणि पेशंटची पूर्ण सायकल वाया. उलट हावरेपणाने ट्यूब गच्च भरली तरी द्रव आतपर्यंत मुरत नाही आणि आरएनए खराब होतो. ट्यूबवर खूण असते, त्यावर जायचं नाही. झाकण घट्ट लावून काही सेकंद जोरात हलवायचं, म्हणजे तुकडा द्रवात सुटा होतो.

मग लगेच फ्रिजमध्ये, ४ ते ८ अंशांत, निदान चार तास. फ्रीझरमध्ये नाही. हे चार तास झाले की ट्यूब साध्या तापमानाला प्रवास करू शकते. पण ‘साधं तापमान’ म्हणजे मे महिन्यात कुरियरच्या डिकीत दुपारभर नव्हे. आम्ही उन्हाळ्यात थर्माकोलच्या डब्यात जेलपॅक घालून देतो, ट्यूब जेलपॅकला थेट चिकटू न देता. लाईट जायचा भरवसा नाही तिथं फ्रिजला इन्व्हर्टर आहे का तेही आधी बघा.

वार बघून ठरवा. बायोप्सी शनिवारी आली तर नमुना सोमवारपर्यंत पडून. चवथीचे दिवस, शिगमो, दिवाळी, तेव्हा कुरियर घ्यायला येत नाही आणि आला तरी पुढे जात नाही. एस्ट्राडिओल एक-दोन दिवस लांबवून प्रोजेस्टेरॉनचा दिवस सरकवता येतो, तेव्हा बायोप्सी सोमवार ते बुधवार पडेल असं सुरुवातीलाच सेंटरशी बोलून घ्या. प्रोजेस्टेरॉन एकदा सुरू झालं की मग काही सरकवता येत नाही.

फॉर्म भरताना ‘पी+५’ एवढ्यावर भागवू नका. तारीख, तास, मिनिट, पहिल्या डोसचं आणि बायोप्सीचं, दोन्हींचं. औषधाचं नाव, मात्रा, मार्ग. शेवटच्या सोनोग्राफीत अस्तर किती. सुरुवातीचं प्रोजेस्टेरॉन किती. रकाना नसेल तर समासात लिहा.

पेशंटला सांगायच्या गोष्टी: त्या सायकलमध्ये संबंध नकोत. बायोप्सीआधी दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून. नंतर दोन दिवस थोडा डाग जाईल, पण ताप आला, घाण वास आला की लगेच दाखवायचं. पेसरी घातल्यावर वीस मिनिटं तरी पडून राहायचं. योनीत चीज पडल्यासारखा पांढरा स्राव आणि खाज असेल तर लपवू नका, कॅन्डिडा असताना पेसरी नीट शोषली जात नाही आणि वर बसून राहते.

फोंड्याची_ओपीडी

खूप उपयोग झाला. सेंटरला सकाळीच मेल टाकली. ११० तासांचं गणित मांडल्यावर डॉक्टरांचा स्वतः फोन आला, कोऑर्डिनेटरचा नाही. लॅबला सुधारित तासांनिशी पाठवताहेत. तोवर ट्रान्सफर पुढच्या सायकलवर.

दोन शंका उरल्या. इंजेक्शन जोडायचं झालं तर ईआरएचा नियम मोडत नाही का? बायोप्सीची आणि ट्रान्सफरची सायकल तंतोतंत एकसारखी हवी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आणि पेशंट विचारते आहे की शिल्लक दोन भ्रूणांचीच पीजीटी-ए करून घ्यावी का.

मांडवीकाठ

तंतोतंत एकसारखी हा नियम मुख्यतः सुरुवातीचा आहे: एस्ट्राडिओल किती दिवस, प्रोजेस्टेरॉनचा पहिला डोस कुठल्या मार्गे आणि कितव्या तासाला. योनिमार्गे केलेल्या बायोप्सीवरून पहिल्या दिवसापासून नुसत्या इंजेक्शनवर ट्रान्सफर केला तर रिपोर्ट लागू नाही, हे बरोबर. पण ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी रक्तात ६-७ दिसत असताना रिपोर्टची इभ्रत राखायला इंजेक्शन न देणं हा उलटा न्याय आहे. सुरुवात तीच ठेवा, आदल्या दिवशी रक्त काढा, सकाळचा डोस घातल्यानंतर किती तासांनी काढलं ते लिहा. कमी आलं तर त्याच संध्याकाळपासून इंजेक्शन जोडा.

पीजीटी-ए बद्दल. आधीच गोठवलेला भ्रूण वितळवायचा, बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी काढायच्या, पुन्हा गोठवायचा, रिपोर्टनंतर पुन्हा वितळवायचा. दोनच भ्रूण असताना या ये-जा करण्यात एखादा हातचा जाण्याचा धोका मी पत्करणार नाही. एकेक करून आत ठेवणं हीसुद्धा एक तपासणीच आहे. पुढे नव्याने अंडी काढायची वेळ आली, तेव्हा ३६-३७ व्या वर्षी पीजीटी-एचा विचार रास्त. ती पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेल्या ठिकाणीच होते, लेखी संमती लागते, आणि मुलगा-मुलगी कुणी सांगणार नाही, विचारूही नये. ईआरएचा त्या कायद्याशी संबंध नाही, ती अस्तराची टेस्ट आहे, भ्रूणाची नव्हे. काही पेशंटना वाटतं ईआरएमध्ये भ्रूणाचीही तपासणी झाली. स्पष्ट सांगा की झालेली नाही.

खर्चाचं ओझं असेल तर हिस्टेरोस्कोपी आणि टीबीची तपासणी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) करून घ्या. तिथं २०२३ पासून आयव्हीएफही मोफत सुरू झालंय. पुढची अंडी काढायची वेळ आली तर तिथं आधी विचारणा करायला हरकत नाही.

ओटी_सिस्टर_मडगाव

मॅडम, एक राहिलं. पहिला डोस रात्री ९ चा ठरला तर तो तुमच्या ओपीडीत किंवा फोनवर तुमच्यासमोर होऊ दे, आणि वेळेचा मेसेज सेंटरला त्याच मिनिटाला जाऊ दे. नंतरचे डोस अर्धा-एक तास इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही.

मुंबईला रेल्वेने जाणार असतील तर पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालतात, दरड कोसळली तर बोलायलाच नको. ट्रान्सफरच्या आदल्या सकाळी तिथं पोचलेलं बरं. मग आदल्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन तिथल्याच लॅबमध्ये काढता येतं, रिपोर्टही संध्याकाळपर्यंत त्यांच्याच हातात. प्रवासात पेसरी हातातल्या बॅगेत, बाटलीच्या थंड पाण्याशेजारी. मऊ झालेली पेसरी दाबून घालू नका, पाकिटासकट गार पाण्यात धरून घट्ट करून घ्या.

फोंड्याची_ओपीडी

लिहून घेतलं सगळं. हिस्टेरोस्कोपीची तारीख या सायकलमध्येच मागते, तुकडा दोन बाटल्यांत. सलाईनची बाटली मीच लेबल लावून सोबत पाठवीन, तिथं ऐनवेळी शोधाशोध नको. देव बरें करूं.